एकाच रसाची दोन पिंपं

एलादियाचं पोट नऊ वर्षं दुखत होतं आणि त्यावर डॉक्टरकडे औषध नव्हतं. धाकट्या जावेची, ओलिवाची, सिद्रा तिच्यापेक्षा चांगली होत होती. एवढंच दुखणं. ऐकणारा म्हणेल, त्यात काय एवढं? सफरचंदाची दारू ती. कुणाची जरा आंबट, कुणाची जरा बरी. पण असं म्हणणाऱ्याने अस्तुरियासच्या डोंगरात संसार केलेला नसतो. इथे बाईला धड स्वयंपाक येत नसला तरी लोक चालवून घेतात. पिंप बिघडलं की मात्र चर्चच्या पायरीवर तीन रविवार दुसरा विषय निघत नाही.

बरं, सफरचंदं वेगळी म्हणावं तर तसंही नव्हतं. बाग एकच, सासूबाईंची. एतेल्विना नाव त्यांचं. वय चौऱ्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले, बाकी सगळं शाबूत, आणि जीभ तर विचारूच नका. ऑक्टोबरात सगळं घर मिळून सफरचंदं वेचायचं, लाकडी कुंडात ठेचायचं, तळघरातल्या जुन्या दाबाखाली पिळायचं. चोथा डुकरांना. रस निघाला की एक बादली एलादियाच्या पिंपात, एक ओलिवाच्या. सासूबाई काठी टेकून उभ्या राहायच्या आणि बादल्या मोजायच्या. रस तोच, दिवस तोच, बादलीसुद्धा तीच. आणि मार्चमध्ये बघावं, तर एक पिंप अमृत आणि एक पिंप आपलं असंच!

घराचा रिवाज होता. मार्चातल्या संत होसेच्या सणाला सासूबाई दोन्ही पिंपांतली चाखायच्या आणि एक निवडायच्या. निवडलेलं ते घराचं पिंप. ते पाहुण्यांसमोर, सणासुदीला फोडायचं. उरलेलं स्वयंपाकघरात, गवत कापणाऱ्या गड्यांना आणि नवऱ्यांना. ओलिवा लग्न होऊन आली त्याआधी या घरात पिंप एकच होतं, एलादियाचं, आणि बारा वर्षं कुणी नाव ठेवलं नव्हतं. ओलिवा आली, सासूबाईंनी तिला दुसरं पिंप दिलं, आणि पहिल्याच वर्षी तिचं निवडलं. तेव्हापासून आठ संत होसे झाले. आठही ओलिवाचे.

ओलिवाने मिरवलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. भांडायला तोंड तरी मिळालं असतं. पण ती बया मिरवायचीच नाही. दर वर्षी डोळे मोठे करून म्हणायची, "मला खरंच कळत नाही बाई कशी जमते ती. मी तर पिंपाकडे ढुंकूनही बघत नाही." हे ऐकलं की एलादियाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बघत नाही म्हणे! मग काय देवदूत येऊन ढवळतात?

एलादियाने काही करायचं ठेवलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "माझं पिंप जुनं आहे, आपण अदलाबदल करू." ओलिवा म्हणाली, "कर की." ओलिवाची सिद्रा चांगली झाली. पाचव्या वर्षी म्हणाली, "तुझं पिंप उत्तरेच्या भिंतीला आहे, तिथे गारवा लागतो." पुरुषांनी शिव्या घालत दोन्ही पिंपं सरकवली. ओलिवाचीच चांगली झाली. सातव्या वर्षी तिने रस भरायला उतरत्या चंद्राचा नेमका दिवस धरला आणि ओलिवाला मुद्दाम चार दिवस आधी भरू दिलं. तरीही तेच. तिचा नवरा सेल्सो म्हणाला, "आता दोघी सासवा बदलून बघा." तर सासू दोघींची एकच. त्या दिवशी त्याला जेवताना कोणी वाढलं नाही.

नवव्या वर्षी मात्र गोष्ट चेष्टेची राहिली नाही. एलादियाची एकुलती एक मुलगी नेलिदा, हिचं लग्न पुढच्या मे महिन्यात करायचं ठरलं. मुलाकडचे खालच्या खोऱ्यातले, स्वतःच्या सफरचंदांचा तोरा मिरवणारे. एलादियाने सफरचंदं वेचतानाच जाहीर करून टाकलं.

"माझ्या लेकीच्या लग्नात पिंप माझंच फुटेल. आत्ताच सांगून ठेवते."

सासूबाई टोपलीतलं एक सफरचंद हुंगत होत्या. "जे चांगलं असेल ते फुटेल," त्या म्हणाल्या. "व्याह्यांसमोर मी घराचं नाक कापून घ्यायची नाही."

"आई, मुलगी माझी आहे!"

"आणि घर माझं आहे."

ओलिवा मधेच म्हणाली, "अहो, एलादियाचंच फोडू या ना. मला काही वाटणार नाही." आणि तिथे एलादियाचा उरलासुरला संयमही संपला. भीक म्हणून? हिने दिली म्हणून माझ्या लेकीच्या लग्नात माझी सिद्रा? तिने टोपली अशी आपटली की अर्धी सफरचंदं उतारावरून ओढ्यात गेली.

मग हिवाळा आला. नोव्हेंबरात रस फसफसला, फेस वर येऊन वाहून गेला, पिंपांची वरची बुचं बसवली गेली आणि तळघर शांत झालं. आता सांगते ते एलादियाचं गुपित. ते नऊ वर्षांचं होतं.

प्रत्येक पिंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं आणि त्यात हेझलच्या लाकडाची खुंटी. खुंटी उपटली की सुईसारखी धार उडते. ग्लास लांब धरून ती काठावर फोडायची, घोटभर घ्यायची, खुंटी परत ठोकायची. चाखायची ही रीत. शहाणी माणसं महिन्यातून एकदा चाखतात. एलादिया रोज जायची. रोज सकाळी, कोंबड्यांना दाणे टाकून झाले की, बटाट्यांची टोपली काखेत मारून तळघरात. आधी आपली चाखायची. मग शेजारची.

हो, शेजारची. ओलिवा नवी नवरी होती त्या हिवाळ्यात "बघू तरी नवीने काय दिवे लावलेत" म्हणून ती एकदा गेली, आणि मग ती सवयच झाली. आधी आपला घोट, मग तिचा घोट, मग पुन्हा आपला, कारण तिच्या घोटानंतर आपली चव विसरायला व्हायची. मग पुन्हा तिचा. कुठे काय वेगळं आहे? इथे जरा गोडी जास्त का? तिथे तो जिभेला चावा कमी का? घोटाघोटात एकेक ग्लास कसा जायचा ते कळायचंही नाही.

पण चोराच्या मनात चांदणं. ओलिवा एखाद्या दिवशी खाली आली आणि पिंप उणं दिसलं तर? म्हणून एलादिया एक काम चोख करायची. आपल्या पिंपातून तांब्याचा छोटा जग भरून घ्यायची, शिडीवर चढून ओलिवाच्या पिंपाचं वरचं बूच काढायची, आणि प्यायलेलं भरून टाकायची. अगदी काठोकाठ. बूच बसवताना चार थेंब बाहेर सांडले पाहिजेत, इतकं. मग बूच पदराने, म्हणजे एप्रनने, पुसून घ्यायची. आपल्या पिंपाचं काय, ते आपलंच. त्याला कोण विचारणार?

"एवढा वेळ खाली काय करतेस गं?" सेल्सो विचारायचा.

"बटाटे निवडते."

"आपण इतके बटाटे खातो?"

"तू खातोस. मी निवडते."

फेब्रुवारीत तिच्या पिंपाच्या चवीत ती ओळखीची टोचणी आली. दर वर्षी यायची, याच सुमाराला. आधी अगदी बारीक, नाकाशी, व्हिनेगरची बाटली दुसऱ्या खोलीत कोणी उघडावी तशी. एलादिया खुंटी हातात धरून पायरीवर बसली आणि चक्क रडली. मग डोळे पुसून तिने ओलिवाची चाखली. स्वच्छ, गार, सफरचंदाचा सगळा वास जिभेवर. "सटवी," ती पिंपाला म्हणाली, आणि पुन्हा चाखली.

संत होसेच्या दिवशी सगळे तळघरात जमले. सेल्सो, त्याचा भाऊ म्हणजे ओलिवाचा नवरा निकानोर, दोघी जावा, नेलिदा. सासूबाईंना मधे खुर्चीवर बसवलं. डोळ्यांना दिसत नव्हतंच, तरी एलादियाने हट्टाने त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. नंतर शंकेला जागाच नको. निकानोरने एका पिंपाची धार धरली, ग्लास दिला. सासूबाईंनी घेतली, तोंडात फिरवली, गिळली, तळाचा घोट रिवाजाप्रमाणे जमिनीवर फेकला. मग दुसऱ्याची. एलादिया मनात विनवत होती. देवा, एकदाच. पुढच्या वर्षी हवं तर पुन्हा तिची होऊ दे. एवढी एकच.

"पहिली टोचते," सासूबाई म्हणाल्या. "गवताच्या दिवसांपर्यंत टिकायची नाही. दुसरी लग्नाला."

पहिली एलादियाची होती. ओलिवा पुटपुटली, "मला खरंच कळत नाही बाई..." आणि एलादिया म्हणाली, "तोंड मिट." नेलिदाने आईचा हात धरला, तो तिने झटकला.

"जा सगळे वर," सासूबाई म्हणाल्या. "एलादिया, तू थांब. मला जिना चढायला हात लागेल."

सगळे गेले. सासूबाई जिन्याकडे गेल्याच नाहीत. काठीने चाचपत त्या ओलिवाच्या पिंपापाशी आल्या आणि बोटांच्या पेरांनी वरच्या बाजूला ठोकलं. भरीव, जड आवाज आला. मग एलादियाच्या पिंपावर ठोकलं. वर पोकळ. जरा खाली, तिथेही पोकळ. अर्ध्यावर आल्यावर कुठे जड.

"गळतंय का गं तुझं पिंप?"

"नाही."

"मग उंदीर पितात?"

एलादिया आपल्या पिंपाची खुंटी उगाच घट्ट दाबू लागली.

"माझी खोली या दाराच्या बरोबर वर आहे," सासूबाई म्हणाल्या. "डोळे गेले, कान नाही गेले. रोज सकाळी दार कुरकुरतं, मग शिडी कुरकुरते. बटाटे शिडीवर ठेवतेस का तू?" त्या खुर्चीवर टेकल्या. "मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून घर आंधळं होत नाही. माझ्यासारखं झालं तरी नाही. भरलेल्या पिंपाला हवा लागत नाही, पोरी. तुझ्यात अर्ध्यापर्यंत हवा भरली आहे. टोचणार नाही तर काय होणार? आणि तिचं बघ. रोजच्या रोज काठोकाठ. इतकी निगा तर मी माझ्या मुलांची केली नाही."

एलादियाला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिने स्वतः दोन्ही पिंपं ठोकून पाहिली.

"म्हणजे तिची चांगली होते ती... माझ्यामुळे?"

"तुझ्या पोटदुखीमुळे."

"आणि तुम्हाला माहीत होतं? किती वर्षं?"

"दुसऱ्या वर्षापासून."

"आणि गप्प बसलात!"

"बोलले असते तर दोन्ही पिंपं जेमतेम झाली असती," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "अशी निदान घराला एक तरी नंबर एक मिळत होती. मी कशाला बोलू?"

एलादियाला हसावं की सासूचा गळा धरावा कळेना. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि नऊ वर्षं ती धुपाटणं घासत बसली होती. मग एकदम तिला दुसरंच सुचलं.

"आई, पण मग त्या पिंपात माझी पण आहे! रोज एक जग. म्हणजे लग्नाची सिद्रा माझीसुद्धा आहे. तुम्ही सांगा ना सगळ्यांना. माझ्या पोरीचं लग्न आहे हो."

"मी कशाला? तुला तोंड आहे की. सांग उभी राहून. फक्त कशी झाली तेही सांगावं लागेल." सासूबाईंनी हात पुढे केला. "चल, आता खरंच जिना चढव."

दोन महिने एलादियाने ते गिळून धरलं. आणि मे महिन्यात, चर्चमधून वरात आली, अंगणात टेबलं लागली, उकडलेली अंडी, चोरिसोची सॉसेजं, अक्रोड, निळ्या बुरशीचं चीज, सगळं मांडलं, आणि पिंप बाहेर आणून लाकडी घोडीवर चढवलं. निकानोरने खुंटी उपटली. धार उन्हात चमकली. सगळ्यांत मिळून फिरवायचे चार-पाच ग्लास, आणि पिणारे ऐंशी. घोट घ्यायचा, ग्लास धुऊन निघावा म्हणून तळाचा फेकायचा, आणि तो पुढच्याला द्यायचा.

नवऱ्या मुलाचा बाप, तोच खालच्या खोऱ्यातला तोरेबाज, त्याने घोट घेतला आणि डोळे मिटून उभा राहिला. "कोणाच्या हातची?" त्याने विचारलं.

"ओलिवाच्या!" चार जण ओरडले.

"बाई," तो म्हणाला, "चाळीस वर्षं पितोय. अशी नाही प्यायलो."

ओलिवा लाजली. "मला खरंच कळत नाही..."

एलादिया गप्प राहिली. ओठ चावून अंडी सोलत राहिली. पाद्री येऊन ओलिवाचा हात दाबून गेला, तरी गप्प. निकानोर, जो आयुष्यात बायकोला चांगलं म्हणाला नव्हता, त्याने तिच्या पाठीवर थाप मारली, तरी गप्प. मग नेलिदा आली. पांढऱ्या झग्यात, गाल लाल, हातात ग्लास. आली ती सरळ ओलिवाच्या गळ्यात पडली.

"काकू, तुझ्यासारखी कुणालाच जमत नाही! मला शिकवशील? मला तुझ्याकडूनच शिकायचीय."

एलादियाच्या हातातलं अंडं फुटलं.

"माझी आहे ती!" ती ओरडली. असं ओरडली की गाइतेरो, तो पिशवीवाद्य वाजवणारा, तोही थांबला. "निम्मी माझी आहे! रोज सकाळी हिची चोरून प्यायले मी आणि माझी ओतून भरली! नऊ वर्षं! माझं पिंप रिकामं करून हिचं भरलं, म्हणून चांगली झाली! हिने काय केलंय? हिने ढुंकूनसुद्धा बघितलं नाही, हीच सांगते ना!"

खुर्चीतून सासूबाईंचा आवाज आला. "पाव. निम्मी नाही. लेकीच्या लग्नात खोटं बोलू नये."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पहिल्यांदा सेल्सो हसला. "बटाटे निवडत होती म्हणे!" आणि मग सगळं अंगण. व्याही तर टेबलाला धरून हसत होता. नेलिदा लाजेने लाल झाली, मग तीही हसली आणि आईच्या गळ्यात पडली, पण आता एलादियाला त्याचं काही नव्हतं. ती ओलिवाकडे बघत होती.

ओलिवा हसत नव्हती. तिच्या हातात ग्लास होता. तिने तो सावकाश तोंडाला लावला आणि संपवला, पार तळापर्यंत, फेकायला थेंबही ठेवला नाही, आणि ग्लास तसाच बरबटलेला पुढच्याच्या हातात दिला. असं या गावात कोणी करत नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

"मग यातली चांगली कोणती?" तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता. "तुझी का माझी?"

कोण सांगणार? एकदा मिसळलेली सिद्रा कोणी वेगळी केली आहे? सासूबाईंनासुद्धा सांगता आलं नसतं, आणि त्यांनी प्रयत्नही केला नाही. ओलिवा पिंपाकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते एलादियाने ताबडतोब ओळखलं. ते तिने नऊ वर्षं रोज सकाळी तोंड धुताना आरशात पाहिलं होतं.

त्या ऑक्टोबरात पुन्हा सफरचंदं वेचली, पुन्हा एक बादली इकडे, एक तिकडे. एलादियाने सेल्सोसमोर शपथ घेतली की संत होसेपर्यंत तळघराची पायरी उतरणार नाही. बटाटे तो आणेल. सुरुवातीला सकाळी पाय आपोआप वळायचे, मग ती कोंबड्यांना दोनदा दाणे घालायची. कोंबड्या गुबगुबीत झाल्या. ओलिवाशी बोलणं जेवढ्यास तेवढं. चूल एकच, त्यामुळे तेवढंही चुकत नव्हतं.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात सेल्सोची कंबर धरली आणि बटाटे आणायला तिलाच जावं लागलं. ती गेली, डोळे जमिनीकडे ठेवून. टोपली भरली. वळली. आणि न बघायचं ठरवूनही बघितलं.

तिच्या पिंपाची खुंटी ओली होती.

कोरडं हेझल फिकट दिसतं, भिजलं की काळसर. ही काळी होती, आणि खाली लाकडावर एक थेंब अजून ओघळत होता. एलादियाने तो बोटावर घेतला आणि चाटला. मग टोपली खाली ठेवून तिने आपल्या पिंपाच्या अगदी वरच्या अंगाला ठोकलं. जड आवाज आला. भरलेलं, गळ्यापर्यंत. बुचाभोवती चार थेंब सांडून वाळल्याचे डाग होते, एप्रनने पुसायचे राहिलेले. ती ओलिवाच्या पिंपाकडे गेली आणि ठोकलं. वरून चार बोटं पोकळ.

एलादियाच्या पोटात काही दुखत नव्हतं. तिने चाचपूनही पाहिलं, खरंच दुखत नव्हतं. खुंटीला तिने हात लावला नाही. उलट शिडी जरा डगमगत होती, तिच्या पायाखाली एक चपटा दगड नीट सरकवून ठेवला.

वर स्वयंपाकघरात सगळे जेवायला बसले होते. ओलिवाचं नाक लाल होतं आणि ती कोणाकडे न बघता पाव मोडत होती. सासूबाई चुलीशी बसून कुठे तरी भिंतीकडे तोंड करून हसत होत्या.

"एवढा वेळ?" सेल्सो म्हणाला.

"बटाटे निवडत होते," एलादिया म्हणाली, आणि चोरिसोचा सगळ्यांत मोठा तुकडा तिने ओलिवाच्या ताटात वाढला.